समुद्राच्या करारात पाटीची नोंद कुठं?

‘आंतरराष्ट्रीय करार’ असे शब्द दिसले की आपल्यापैकी बऱ्याचजणी पान उलटतात. ती कामं दिल्ली-जिनिव्हातल्या लोकांची. आपल्याला रेशन, पाणी, पोटगी, नवऱ्याची मारहाण यांतूनच उसंत कुठं आहे, असं वाटतं. ते वाटणं स्वाभाविक आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या समुद्रात जे घडलं, ते पाहता हे पान आपण उलटून चालणार नाही, असं माझं मत झालं आहे. का, ते इथं मांडते.

दोन जहाजं, एक समुद्र

मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ नावाचं, सिंगापूरचा झेंडा लावलेलं मालवाहू जहाज आखाताकडून कोलंबोला निघालं होतं. त्यातल्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होतं. जहाजाच्या कंपनीचं म्हणणं असं, की हा कंटेनर उतरवून घ्यावा म्हणून आधी कतारच्या हमद बंदराला आणि मग आपल्या गुजरातमधल्या हजिरा बंदराला विनंती केली होती. तशी सोय आणि तज्ज्ञ माणसं हाताशी नाहीत म्हणून दोन्हीकडून नकार आला. जहाज तसंच पुढं गेलं. २० मे रोजी कोलंबोजवळ त्याला आग लागली आणि २ जूनला ते बुडू लागलं. सुमारे १,६८० टन प्लॅस्टिकचे कच्चे दाणे त्या जहाजावर होते. साबुदाण्याएवढे हे दाणे श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूत थरांनी साचले. मासेमारी बंद झाली. जी मासळी बाजारात येत होती तीही लोक घेईनात.

चार वर्षांनी हाच प्रकार आपल्या दारात झाला. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाचा झेंडा लावलेलं जहाज बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते, त्यांतल्या १३ मध्ये धोकादायक माल होता. सगळे खलाशी वाचले, ही समाधानाची गोष्ट. पण पुन्हा तेच प्लॅस्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्या महिन्यात प्रवाहाबरोबर श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यालाही लागले. एकदा आपल्याकडं नकार मिळालेलं जहाज त्यांच्या दारात जळालं. दुसऱ्यांदा आपल्या दारात बुडालेल्या जहाजाचा माल त्यांच्या वाळूत जाऊन पडला. जमिनीवर सीमा आखता येते, तपासणी नाकं उभारता येतात. समुद्रात तेल आणि प्लॅस्टिक कुणाचा पासपोर्ट बघून थांबत नाहीत.

मुंबई-रायगडला हे नवीन नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, खाडीतल्या तिवरांना काळा लेप बसला. पावसाळी बंदीनंतरच्या नव्या हंगामाची तयारी चाललेली असतानाच हे झालं. मासे खावेत की नाही या भीतीनं गिऱ्हाईक तुटलं.

गिऱ्हाईक तुटतं म्हणजे कुणाचं?

हा प्रश्न मला या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे असं वाटतं. समाजकार्याचं शिक्षण घेतल्यानंतर गेली काही वर्षं मी खाडीकाठच्या गावांमधून बायकांच्या बचत गटांबरोबर काम करते आहे. तिथं ‘मच्छीमार’ हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होडीवरचा पुरुष येतो. पण होडी धक्क्याला लागल्यावर पुढचं सगळं काम बायकांचं. पहाटे लिलावात मासळी घ्यायची, ती निवडायची, बर्फ विकत घ्यायचा, टेम्पोत जागा मिळवायची, पाटी घेऊन बाजारात किंवा दारोदार फिरायचं. कुणी कोळंबी सोलते, कुणी बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळत घालते, कुणी ओहोटीला चिखलात उतरून कालवं आणि शिंपल्या काढते. या शेवटच्या बाईकडं तर होडीही नसते आणि जाळंही नसतं. एक कोयती, एक टोपली आणि तिचे दोन हात, एवढंच तिचं भांडवल.

आता तेल सांडलं, की पंचनामा होतो. पंचनाम्याच्या कागदावर काय असतं? होडीचा नंबर, इंजिन, जाळी, मालकाचं नाव. होडी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. एकदा अशाच एका नुकसानीनंतर आमच्या गटातल्या बायका एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेल्या होत्या. खाडीत कालवं काढणाऱ्या या बायका. तिथं त्यांना विचारलं गेलं, ‘तुमचं नेमकं बुडालं काय?’ त्यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी त्या अर्जात रकानाच नव्हता. त्या माणसानं काही उर्मटपणा केला नाही; त्याच्यासमोरचा कागदच तसा होता. असे कागद वरून ठरून येतात आणि ते ठरवणाऱ्या टेबलाभोवती पाटीवाली बाई नसते.

न्यायालयातून दाद मिळते तेव्हाही हा प्रश्न सुटत नाही. न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारामुळं उरण-पनवेलच्या पारंपरिक मच्छीमारांची खाडी गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठानं १,६३० कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तो आदेश महत्त्वाचाच होता. मच्छीमारांचा खाडीवर हक्क आहे हे त्यानं मान्य केलं. पण भरपाईचं माप तिथंही ‘कुटुंब’ हेच होतं. कुटुंबाच्या नावानं आलेला पैसा कुणाच्या हातात पडतो, कशावर खर्च होतो आणि कालवं काढणाऱ्या बाईला त्यातून तिचा रोजगार परत मिळतो का, हे या मासिकाच्या वाचक मैत्रिणींना मी सांगायला नको.

करार असतो तेव्हा काय होतं

जगातल्या बऱ्याच समुद्रांसाठी काठावरच्या देशांनी आपसात करार केलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं १९७४ मध्ये प्रादेशिक समुद्रांची योजना सुरू केली. त्यातून भूमध्य समुद्रासाठी १९७६ मध्ये बार्सिलोना करार झाला. आखातासाठी १९७८ मध्ये कुवेत करार, पश्चिम आफ्रिकेसाठी १९८१ मध्ये आबिदजान करार, कॅरिबियनसाठी १९८३ मध्ये कार्ताहेना करार, पूर्व आफ्रिकेसाठी १९८५ मध्ये नैरोबी करार झाला. बाल्टिक समुद्राचा हेलसिंकी करार १९७४ चा.

या करारांची रचना साधारण सारखी असते. मुख्य करारात तत्त्वं आणि जबाबदाऱ्या. त्याला जोडून पूरक करार: जहाजातून कचरा टाकण्याविषयी एक, तेल सांडल्यावर एकमेकांच्या मदतीला धावण्याविषयी एक, जमिनीवरून येणाऱ्या सांडपाण्याविषयी एक. सही केल्यावर देश बांधला जातो, ठरावीक मुदतीनं त्याला हिशेब द्यावा लागतो. संकटात आलेल्या जहाजाला कोणत्या बंदरानं आसरा द्यायचा, याची आपसातली योजनाही बाल्टिकच्या देशांनी २०१० मध्ये ठरवून ठेवली. हजिरा आणि कोलंबोच्या मध्ये जे हवं होतं ते हेच.

भूमध्य समुद्राच्या देशांनी तर २००८ मध्ये किनाऱ्याच्या व्यवस्थापनाविषयी एक वेगळा पूरक करार केला. तो २०११ मध्ये अमलात आला. किनाऱ्यापासून किमान १०० मीटरपर्यंत बांधकाम नको, असं तत्त्व त्यात आहे, अर्थात त्यालाही काही अपवाद आहेत. आपल्याकडं १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला होता. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरवर आणून ठेवला. अधिसूचना एका मंत्रालयाच्या सहीनं बदलते. पाच देशांनी मिळून केलेला करार इतक्या सहज बदलता येत नाही. किनाऱ्यावर मासळी सुकवायची जागा ज्यांना हवी आहे, त्यांच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे.

करार म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. १९८३ मध्ये इराण-इराक युद्धात नौरूझच्या तेलविहिरींतून तेल वाहत राहिलं तेव्हा कुवेत करार होता, दोन्ही देश त्यात होते. तरी लढाईमुळं त्या विहिरी बंद करायला महिनोन् महिने गेले. बाल्टिक समुद्रात विषारी रसायनं कमी झाली, समुद्री गरुड परत आले. पण शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळं तळाशी प्राणवायू नसलेले मोठे पट्टे अजून आहेत. तरीही करार असला की विचारायला एक जागा असते. आपल्याला तीही नाही.

आपल्याकडं आराखडा आहे, करार नाही

मार्च १९९५ मध्ये नवी दिल्लीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या पाच देशांनी दक्षिण आशियाई समुद्रांसाठी एक कृती आराखडा स्वीकारला. त्याचं काम कोलंबोत असलेली ‘सासेप’ ही १९८२ मध्ये स्थापन झालेली आंतरशासकीय संस्था पाहते. किनाऱ्याचं व्यवस्थापन, तेलगळतीची तयारी, माणसांचं प्रशिक्षण आणि जमिनीवरून येणारं प्रदूषण हे त्यातले चार प्राधान्याचे विषय. पण या आराखड्याच्या पाठीशी बंधनकारक प्रादेशिक करार नाही. तेल आणि रसायनांच्या गळतीत एकमेकांना मदत करण्याविषयीच्या सामंजस्य करारास आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये मंजुरी दिली, ती चांगली गोष्ट झाली. पण ती आगीनंतर बंब पाठवण्याची व्यवस्था आहे. आग लागण्याआधी जहाजाला कुणी आसरा द्यायचा, नंतर भरपाई कुणाची आणि कशी मोजायची, याची ती उत्तरं नाहीत.

त्याच १९९५ साली सप्टेंबरमध्ये बीजिंगला जागतिक स्त्री परिषद झाली. आपल्या चळवळीतल्या कितीतरी ज्येष्ठ कार्यकर्त्या तिथं गेल्या होत्या. तिथल्या जाहीरनाम्याच्या बारा मुद्द्यांत ‘स्त्रिया आणि पर्यावरण’ हाही एक मुद्दा होता. एकाच वर्षातले हे दोन कागद. एकात समुद्र आहे, दुसऱ्यात बाई आहे. दोघांची गाठ घालून देण्याचं काम तेव्हापासून राहून गेलं आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप हमखास येतो: भारत आणि पाकिस्तान एका करारावर सही करतील हे स्वप्न पाहण्यात काय अर्थ? माझं उत्तर असं, की समुद्राचे करार मित्रांनीच केलेले नाहीत. १९७४ मध्ये हेलसिंकीला शीतयुद्ध चालू असताना पूर्व आणि पश्चिम जर्मनी, पोलंड आणि सोव्हिएत संघ एका कागदावर आले. बार्सिलोना करारात ग्रीस आणि तुर्कस्तान आहेत, इस्रायल आणि लेबनॉनही आहेत. २००६ च्या युद्धात इस्रायलच्या बॉम्बहल्ल्यानं लेबनॉनच्या जियेह वीजकेंद्राचं हजारो टन तेल समुद्रात गेलं, तेव्हा याच कराराखाली माल्टामध्ये चालणारं केंद्र मदतीला पुढं आलं.

आणि भारत-पाकिस्तानही काही करार पाळतात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. पालघर जिल्ह्यातले पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि त्यांतले काही कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात. घरी त्यांच्या बायका त्या यादीकडं डोळे लावून बसतात. कराचीच्या किनाऱ्यावरही अशाच बायका आहेत. म्हणजे वैर असतानाही एक कागद दर सहा महिन्यांनी न चुकता हातात येऊ शकतो. तेल आणि प्लॅस्टिकसाठी दुसरा कागद का येऊ नये?

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, जहाजांच्या नुकसानभरपाईसाठी जागतिक करार आहेतच की. आहेत, पण त्यांत भोकं आहेत. टँकरमधल्या तेलासाठी एक करार, जहाजाच्या इंधनासाठी दुसरा. घातक रसायनांच्या भरपाईचा करार १९९६ मध्ये झाला, २०१० मध्ये सुधारला आणि २०२५ पर्यंत अमलात आलेला नव्हता. ‘पर्ल’वरचे प्लॅस्टिकचे दाणे तर धोकादायक मालात मोजलेच नव्हते. जहाजमालकाची जबाबदारी किती, याला जागतिक नियमांत वरची मर्यादा असते. ‘पर्ल’च्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयानं २०२३ मध्ये ती सुमारे १.९ कोटी पौंड ठरवली, तर श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये १०० कोटी डॉलर भरा असा निकाल दिला. कंपनीनं तो मान्य करायला नकार दिला. ‘एल्सा’साठी केरळ सरकारनं ९,५३१ कोटी रुपयांचा दावा उच्च न्यायालयात लावला. प्रत्येकजण आपापला वकील घेऊन एकटा लढतो आहे. घरात एकटी लढणारी बाई आणि गट करून लढणाऱ्या बायका यांतला फरक आपण जाणतो. देशांचंही वेगळं नाही.

उशीर झाला, तो कामी आणू या

इतर समुद्रांचे बरेचसे करार सत्तर-ऐंशीच्या दशकांत लिहिले गेले. त्यांची भाषा पाणी, प्रवाळ, मासे आणि बंदरं यांची. किनाऱ्यावरच्या माणसांच्या, त्यातही बायकांच्या कामाची दखल त्यांना नंतर जोडावी लागते आहे. आपला करार अजून लिहायचाच आहे. म्हणून मला वाटतं, तो हवा एवढंच म्हणून आपण थांबू नये. तो कसा हवा हेही आत्ताच म्हणावं.

आधार शून्यातून शोधायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१४ मध्ये लहान मच्छीमारीविषयीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मासे पकडण्याआधीचं आणि नंतरचं सगळं काम त्यांनी मच्छीमारीतच धरलं आहे आणि स्त्री-पुरुष समानता हे एक मूळ तत्त्व मानलं आहे. ती चंद्रिका शर्मा यांच्या गौरवार्थ अर्पण केलेली आहेत. मासेमारी करणाऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या, चेन्नईत कार्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या त्या कार्यकारी सचिव होत्या. मार्च २०१४ मध्ये याच कामासाठी मंगोलियातल्या एका बैठकीला निघालेल्या असताना मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या विमानात त्या होत्या. एका भारतीय बाईनं ज्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं, तो कागद तयार आहे. फक्त तो ऐच्छिक आहे. प्रादेशिक करारात तो बंधनकारक करता येईल.

माझ्या मते तीन गोष्टी त्या करारात स्पष्ट शब्दांत हव्यात. एक, ‘मच्छीमार’ या शब्दाच्या व्याख्येत मासळी विकणारी, सुकवणारी, सोलणारी आणि खाडीत हातानं वेचणारी बाई नाव घेऊन यावी. दोन, नुकसानीचं माप होडी आणि जाळं एवढ्यावर न थांबता बुडालेल्या मजुरीवरही असावं आणि भरपाई ज्या बाईचं काम बुडालं तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. तीन, किनाऱ्यावरचं काही ठरवणाऱ्या समितीत मासळी विकणाऱ्या बायकांच्या संघटनांच्या प्रतिनिधी असाव्यात, आणि जहाजावर काय माल होता याची माहिती त्यांच्या भाषेत, त्यांच्या बाजारात, लगेच लागावी. मासळी खायची की नाही हे गिऱ्हाईक तिलाच विचारतं. उत्तर द्यायला तिला काही माहीत असायला नको का?

हे दूरचं वाटेल. पण डहाणूजवळ वाढवणला मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मासेमारी करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला, तो बाजूला ठेवून. आपल्या किनाऱ्यावरून जाणारी जहाजं वाढत जाणार, लहान होणार नाहीत. पुढचं जहाज कुणाच्या दारात बुडेल ते सांगता येत नाही, पण त्या दिवशी कुणाची पाटी रिकामी राहील ते आजच सांगता येतं.

सुरुवात आपण घरापासून करू शकतो. ज्या गावांत आपलं काम आहे तिथं बायकांनी स्वतःच्या कामाची वही घालावी: कोण काय करते, किती दिवस करते, दिवसाला काय सुटतं. मागच्या वेळी बुडालं तेव्हा काय बुडालं. पंचनाम्याच्या कागदात रकाना नसेल तर आपली वही पुढं करता येईल. केरळ, तमिळनाडू, श्रीलंका, बांगलादेश इथल्या बायकांच्या संघटनांना लिहू या, त्यांच्याकडं अशा वह्या आहेत का विचारू या. आपल्या खासदारांना विचारू या, की १९९५ च्या आराखड्याचा करार कधी होणार. ज्या मैत्रिणी किनाऱ्यावर काम करतात त्यांनी आपले अनुभव मासिकाकडं जरूर पाठवावेत. माझं म्हणणं कुठं अपुरं वाटलं तर तेही लिहावं. या वह्यांमधूनच त्या कराराचा आपला मसुदा उभा राहणार आहे.